समुद्र दोनदाच पाहिलाय. सागरविज्ञानात पीएचडीला जर्मनीला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातली एक मुलगी नाशिकच्या कॉलेजात एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी द्राक्षबाग, माल निर्यातीला जातो. जर्मनीतल्या एका संस्थेने सागरी रसायनशास्त्रातल्या पीएचडीच्या जागेसाठी तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलंय, दहा दिवसांनी. ती लिहिते, "ताई, समुद्र मी दोनदाच पाहिलाय, एकदा अलिबागला आणि एकदा गणपतीपुळ्याला. पोहता येत नाही. शाकाहारी आहे. तिथलं रोजचं आयुष्य खरंच कसं असतं? घरचे म्हणतात, पाण्याचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला? जाऊ का?"

जा. बाकी जे लिहितेय ते कसं जायचं आणि जाण्याआधी काय विचारून घ्यायचं याबद्दल आहे.

मी पंचवटीतली. उत्तर जर्मनीत साडेचार वर्षं पीएचडी केली, समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. नंतर तीन वर्षं नॉर्वेत बर्गनला होते. नाशिकला परत येऊन चार वर्षं झाली; आता घरूनच समुद्रात घेतलेल्या मोजमापांचा खरेखोटेपणा तपासण्याचं काम करते, आणि जमेल तसे मुलांचे अर्ज बघून देते. तुझ्यासारखे प्रश्न येतात तेव्हा बहुतेकांना भीती समुद्राची वाटत असते. मला त्रास झाला तो समुद्राचा नव्हे. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, या आपल्या घरात लागलेल्या सवयीचा झाला. त्यावरच जास्त लिहिणार आहे.

पण आधी समुद्राचं मिटवून टाकू. गोदावरी ब्रह्मगिरीवर जिथे उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरवर आहे. नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तुझ्या तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरला, ती कादवेला सोबत घेते. २००६ साली गॅस हायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या वायूच्या, शोधासाठी 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे जहाज भारताच्या किनाऱ्यालगत आलं होतं. त्याने गोदावरीच्या मुखापलीकडे समुद्रतळातून गाळाचे लांबच लांब नळकांडे काढले. त्यातल्या एकावर पुढे जे संशोधन झालं, त्यात दिसलं की गेल्या सुमारे ४,००० वर्षांत मध्य भारत कोरडा होत गेला आणि जमिनीवरचं झाडोऱ्याचं आच्छादन कमी झालं, तसतसं गाळातलं दख्खनच्या काळ्या मातीचं प्रमाण वाढत गेलं. तुमच्या बागेतली माती आणि तो समुद्रतळ एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. तू वरच्या टोकाला वाढलीस, इतकंच.

रसायनशास्त्राची आहेस म्हणून आणखी एक सांगते. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जगातल्या सर्वांत जाड अशा पट्ट्यांपैकी तो एक आहे. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयओतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही दरवर्षी काही महिने प्राणवायू संपतो आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. जमिनीवरून वाहून येणारं नत्र हे त्याचं एक कारण असावं, असं त्यांनी मांडलं. द्राक्षाला युरिया किती आणि कधी द्यायचा यावर घरात होणारी चर्चा तू लहानपणापासून ऐकली आहेस. मुलाखतीत "समुद्र फारसा पाहिला नाही" असं माफी मागितल्यासारखं सांगू नकोस. हे सांग.

आता रोजचं आयुष्य. साडेचार वर्षांत माझे जहाजावरचे दिवस मोजले तर ७४ भरतात. बाकी सगळे दिवस प्रयोगशाळेत आणि संगणकासमोर गेले. सकाळी सायकलवरून संस्थेत, बाटल्या ॲसिडने धुणं, नमुने मशिनला लावणं, मशिन बिघडलं की दुपारभर त्याच्या नळ्या उलगडत बसणं, मग पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आकडे साफ करणं. आठवड्यातून एकदा गटाची बैठक, एकदा सेमिनार. तिसऱ्या वर्षापासून लिहिणं सुरू होतं आणि ते संपता संपत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रबंध म्हणजे साधारण तीन शोधनिबंध आणि त्यांना जोडणारी प्रस्तावना-समारोप. एकेका निबंधावर परीक्षकांची मतं यायला तीन-चार महिने सहज जातात. त्या काळात हातात काहीच नसल्यासारखं वाटतं. हे सगळ्यांना होतं. पण आपल्याला एकट्यालाच होतंय असं वाटतं, कारण कुणी बोलत नाही. पायथन येत नसेल तर आजपासून शिकायला घे. रसायनशास्त्राच्या मुलामुलींची तिथे सगळ्यांत जास्त दमछाक यातच होते.

जहाजावरचे दिवस थोडे असले तरी बाकीची वर्षं त्यांच्यावर उभी असतात, म्हणून ते नीट सांगते. माझी पहिली मोहीम अटलांटिकमध्ये होती, केप व्हर्देतल्या मिंदेलो बंदरातून. जहाजावर काम चोवीस तास चालतं आणि माणसं पाळ्यांमध्ये वाटलेली असतात. माझी पाळी चार ते आठ, पहाटेची आणि दुपारची, अशी रोज दोनदा. मुख्य काम सीटीडीचं. ही एक मोठी गोल चौकट असते. मध्ये क्षारता, तापमान आणि खोली मोजणारी यंत्रं, भोवती खोलवरचं पाणी पकडणाऱ्या, दहा-दहा लिटरच्या २४ निस्किन बाटल्या. तारेवरून ती सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने खाली सोडतात. ४,००० मीटरला जायला तासाहून जास्त, यायला त्याहून जास्त, कारण वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करायची असते. चौकट डेकवर आली की ठरलेल्या क्रमाने सगळे पाणी घेतात: हवेच्या संपर्काने बिघडणारे वायू आधी, त्यातच प्राणवायू, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, शेवटी क्षारता. प्राणवायू अजूनही विंकलरच्या पद्धतीने मोजतात. १८८८ सालची पद्धत आहे आणि तिच्यावरच आजचे सेन्सर ताडून बघतात. नळी काचेच्या कुपीच्या तळाशी टेकवायची, पाणी कुपीच्या तिप्पट वाहून जाऊ द्यायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग रसायनं घालून झाकण लावायचं. पहाटे साडेचारला, गार वाऱ्यात, ओल्या हातांनी. मला ते काम फार आवडायचं.

तिथेच माझी मोठी चूक झाली. बाटली वर आली की हवेचा स्क्रू बंद ठेवूनच आधी खालची तोटी उघडून बघायची असते. पाणी आलं नाही तर बाटली घट्ट आहे. वाहायला लागलं तर कुठून तरी हवा आत जातेय, म्हणजे वर येताना वरचं पाणीही आत शिरलं असणार. हे मला एकदा दाखवलं होतं, पण घाईत दाखवलं होतं आणि मी "हो, हो" म्हटलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवसापासून १४ नंबरच्या बाटलीतून स्क्रू न उघडताच पाणी येऊ लागलं. मला ते खटकलं. पण शेजारी दहा-दहा मोहिमा केलेली माणसं उभी होती. त्यांना माहीत असेलच, आपण नवीन, आपण काय सांगायचं, असं म्हणून गप्प राहिले. ती बाटली नेमकी सगळ्यात कमी प्राणवायूच्या थरात बंद होत होती. अकरा स्टेशनांवरचे, म्हणजे पाणी घेण्याच्या अकरा ठिकाणांवरचे, त्या खोलीचे नमुने नंतर बाद करावे लागले. मला कुणी ओरडलं नाही. मोहिमेच्या प्रमुख बाई एवढंच म्हणाल्या, "तुला दिसलं होतं, मग तू बोलली का नाहीस?" याचं उत्तर मला इंग्रजीत देता येईना. मराठीत मला ते चांगलं ठाऊक होतं.

आपल्याकडे सरांना उलट विचारत नाहीत. समजलं नाही तरी मान डोलवायची, घरी जाऊन पुस्तकात बघायचं. आणि आपला 'हो' बऱ्याचदा 'ऐकलं' एवढ्यापुरताच असतो. जर्मन माणूस मात्र 'हो' म्हणजे समजलं आणि पटलं असंच धरतो. तू 'हो' म्हटलंस की विषय संपला. तिथे पीएचडीच्या मार्गदर्शकाला 'डोक्टरफाटर' म्हणतात, बाई असतील तर 'डोक्टरमुटर'. म्हणजे डॉक्टरबाप, डॉक्टरआई. शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं, घरचं कुणीतरी मिळाल्यासारखं. पण त्या आईला तिच्या पहिल्या नावाने हाक मारायची असते आणि तिला तू दोन बैठकांत एकही प्रश्न विचारला नाहीस तर तिला काळजी वाटते. पहिलं वर्षभर मी नावाने हाक मारायचं टाळत होते, वाक्यंच अशी रचायची की नाव घ्यावं लागू नये. तू हे वर्ष वाया घालवू नकोस. पहिल्याच महिन्यात सांगून टाक: "मी ज्या पद्धतीत शिकले तिथे विचारणं उद्धटपणा समजतात. मी गप्प दिसले तर मला विचारा." मी दुसऱ्या वर्षी हे सांगितलं आणि त्या दिवसापासून आमचं काम सुरळीत झालं.

मार्गदर्शक चांगला निघेलच असं नाही. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या देशातल्या एका मुलीने दोन वर्षांनी सोडून दिलं. तिला आठवडेच्या आठवडे भेट मिळायची नाही आणि भेट मिळाली की अपमान व्हायचा. तिने ते आम्हाला सांगितलं, पण संस्थेला शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण व्हिसा करारावर आणि करार त्या माणसावर अवलंबून होता. दुसरा मार्गदर्शक किंवा प्रबंध समिती असते ती याचसाठी. तक्रार ऐकून घेणारी, मार्गदर्शकाच्या हाताखाली नसलेली व्यक्तीही बहुतेक संस्थांत नेमलेली असते. ती कोण आहे हे गरज पडण्याआधी माहीत करून घे.

म्हणूनच मुलाखतीत विचारून ये. तुमच्याकडे याआधी पीएचडी केलेले कोण आहेत, आता कुठे आहेत, त्यांच्यापैकी एकाशी मला बोलता येईल का, हा पहिला प्रश्न. चांगला मार्गदर्शक लगेच दोन नावं देतो. टाळाटाळ झाली तर मला काळजी वाटेल. माझ्या विषयासाठी लागणारे नमुने आधीच फ्रीजरमध्ये आहेत की पुढच्या मोहिमेवर गोळा करायचे आहेत? मोहिमेचे दिवस मंजूर झालेत की अर्ज करायचाय? मोहीम रद्द झाली तर माझ्या प्रबंधाचं काय? २०२० साली कितीतरी मोहिमा रद्द झाल्या आणि ज्यांचा सगळा प्रबंध एकाच जहाजावर टांगलेला होता त्यांची फार ओढाताण झाली. आणि चौथ्या वर्षाचा पगार कुठून येणार? करार बहुधा तीन वर्षांचा असतो. तीन वर्षांत फार थोड्यांचं पूर्ण होतं.

पैशांचं वडिलांना नीट समजावून सांग, कारण त्यांच्या मनात बहुतेक परदेशी शिक्षण म्हणजे कर्ज असं असेल. तिथे पीएचडी बऱ्याचदा नोकरी असते. सरकारी वेतनश्रेणी ई-१३, पण पूर्ण पगार क्वचितच. विषयानुसार अर्धा ते पाऊण, काम मात्र पूर्ण वेळेचं. त्यात एकट्याचं नीट भागतं आणि थोडं उरतंही. फी नाममात्र. आरोग्य विमा आणि पेन्शनचा हप्ता पगारातून जातो, वर्षाला साधारण ३० दिवस भरपगारी रजा असते. ती रजा घे. मी पहिल्या वर्षी न घेतल्याबद्दल शाबासकी मिळेल असं समजत होते. मिळाली ती समज. तुला करार मिळतोय की शिष्यवृत्ती, हे मात्र विचार, कारण शिष्यवृत्तीत विमा आपला आपल्याला बघावा लागतो आणि पेन्शन धरली जात नाही. पगार महिन्याच्या शेवटी होतो, आणि घरमालक अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं मूळ भाडं मागू शकतो. म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधी विमानाचं तिकीट, अनामत आणि पहिलं भाडं उभं करावं लागतं. तेवढ्यापुरते उसने घ्यावे लागतील. त्यासाठी बागेवर बोजा चढवू नका.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. जहाज दर वेळी जर्मनीतून सुटत नाही. केपटाऊनहून निघालं तर तुझ्या जर्मन सहकाऱ्याला फक्त बॅग भरायची असते. तुला आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो आणि परतीचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर तिथला वेगळा. मोहिमेचं वेळापत्रक कळल्या दिवशीच दोन्ही बंदरांची चौकशी सुरू कर. समुद्रावर असताना रहिवासी परवान्याची मुदत संपत नाही ना, हेही बघ. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायलाच काही महिने लागू शकतात. इथून निघण्याआधी एपीएसचं, म्हणजे आपल्या पदव्या खऱ्या आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र तुझ्या प्रकारच्या व्हिसाला लागतं का ते संस्थेलाच लेखी विचार.

पोहण्याचं सोपं आहे. संशोधन जहाजावर जाण्यासाठी सहसा पोहता यावंच लागतं असं नाही. वैद्यकीय तपासणी लागते, काही संस्था समुद्रावरच्या बचावाचं प्रशिक्षण देतात, आणि जहाज सुटताना सगळ्यांना लाइफजॅकेट घालून सराव करावा लागतो. तरी महापालिकेच्या तलावावर जाऊन शिकून घे, पाण्याची भीती मोडेल. जहाज लागतं ते मात्र बऱ्याच जणांना, पहिले दोन दिवस. गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची, नंतर ती पोटात राहत नाही. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं, कोरडं थोडं थोडं खात राहायचं, अगदीच नाही झालं तर आडवं व्हायचं. आणि पाळीच्या प्रमुखाला सांगायचं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून बादली घेऊन काम करत होते.

जेवणाचं कळवलं की स्वयंपाकी शाकाहारी करून देतो, पण बटाटे आणि चीज खूप होतं. मेतकूट, लोणचं, कढीपत्त्याची चटणी, नाशिकचा चिवडा आणि तुमच्याकडचे बेदाणे ने. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईला सांग, तूप आणि पेढे बॅगेत घालू नकोस. विमानतळावर काढून घेतात आणि मग फार वाईट वाटतं.

आता जे लिहायला जड जातंय ते. दुसऱ्या मोहिमेवर असताना माझी आजी गेली. घरच्यांनी मला १९ दिवस कळू दिलं नाही. तेव्हा जहाजावर इंटरनेट म्हणजे दिवसातून दोनदा जाणारे-येणारे ईमेल. मी रोज लिहायचे, "मी मजेत आहे, आज डॉल्फिन दिसले," आणि बाबा रोज उत्तर द्यायचे, "इकडे सगळं ठीक, तू काळजी घे." त्यातलं एक उत्तर त्यांनी रामकुंडावरून दशक्रिया करून आल्यावर लिहिलं होतं. बंदरात उतरून फोन केला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. त्यांनी मला वाचवायला म्हणून केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. जवळचं बंदर सहा दिवसांवर होतं, जहाज माझ्यासाठी फिरलं नसतं, त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण त्या १९ दिवसांतली माझी सगळी पत्रं मला अजूनही वाचवत नाहीत. जहाजावर ज्यांनी मला आईसारखं सांभाळलं असतं अशी माणसं होती. मला रडायला जागा होती. ती मला मिळाली नाही.

म्हणून निघण्याआधी घरच्यांना घेऊन बस आणि हे ठरवा. मी समुद्रावर असताना घरात वाईट काही घडलं तर मला सांगायचं की नाही? सांगायचं तर कुणी, आधी मला की मोहिमेच्या प्रमुखाला? आजी-आजोबा आहेत, वडिलांचं वय होतंय, हे अभद्र बोलणं नाही. मी पुढच्या मोहिमेआधी बाबांना बसवून हे ठरवून घेतलं. ते आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, सांगू." एवढं झाल्यावर मला समुद्रावर पुन्हा झोप लागायला लागली. आता जहाजांवर उपग्रहामुळे इंटरनेट बरंच सुधारलंय, व्हॉट्सॲपही चालतं काही ठिकाणी. पण कुणी मुद्दाम लपवायचं ठरवलं तर इंटरनेट काय करणार?

एकटेपणाचं तसं वेगळं सांगण्यासारखं कमी आहे. निफाडचा पारा बऱ्याचदा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जातो, बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवण्याच्या रात्री तू जागून काढल्या असशील. थंडी तुला जमेल. जमत नाही तो अंधार. डिसेंबरात तिकडे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, तोही ढगाळ. दुपारच्या जेवणानंतर बाहेर चालून ये, डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व घे, आणि जर्मन शीक. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलतात, पण घरमालकाची पत्रं, डॉक्टरची खिडकी आणि जेवणाच्या टेबलावरचे विनोद जर्मनमध्येच असतात. टेबलावर सगळे हसताना आपल्याला कळत नाही, तेव्हा खरं एकटं वाटतं. सलग तीन आठवडे सकाळी उठवेनासं झालं तर मात्र थांबू नकोस, विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. मी दुसऱ्या हिवाळ्यात गेले होते.

घरच्यांच्या "एवढ्या लांब कशाला" याचं उत्तर प्रामाणिकपणे दे. लांब गेल्याशिवाय हे शिकता येत नाही असं अजिबात नाही. एनआयओ १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली आणि ती आपल्या गोव्यातच आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर तिथेही पीएचडी होते आणि २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे. ध्रुवीय संशोधनाचं केंद्र वास्कोला, समुद्राच्या अंदाजांचं काम हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये. हा दुय्यम पर्याय समजू नकोस. नेटचा अर्ज भरून ठेव. बाहेर जाण्याने मिळतं ते वेगळं: मोठी जहाजं, वेगवेगळ्या देशांच्या लोकांबरोबर काम, आणि आपलं म्हणणं परक्या भाषेत ठामपणे मांडायची सवय. नंतरच्या नोकऱ्या दोन्हीकडे थोड्याच आहेत. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या करारांवर एका देशातून दुसऱ्या देशात जात राहावं लागतं, आणि भारतात कायमच्या जागा निघतात तेव्हा वयाची अट आडवी येऊ शकते. मला परत यायचं होतं, म्हणून मी आकड्यांचं काम निवडलं जे कुठूनही करता येतं. ते ठरवायला तुला पाच वर्षं आहेत, फक्त पायथन नीट शीक म्हणजे दार उघडं राहील.

राहिली मुलाखत. दहा दिवसांत एक गोष्ट कर. जगातल्या समुद्रांत 'आर्गो' नावाचे सुमारे ४,००० तरंगते यांत्रिक फ्लोट सोडलेले आहेत. १,००० मीटरवर ते वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरवर उतरून वर येतात आणि वाटेतली मोजमापं उपग्रहाला पाठवतात. ती सगळी आकडेवारी फुकट मिळते. गोदावरीच्या मुखापलीकडचा, बंगालच्या उपसागरातला एक फ्लोट निवड आणि त्याची पावसाळ्याआधीची आणि नंतरची क्षारता एका आलेखावर काढ. 'ओशन डेटा व्ह्यू' हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पावसाळ्यानंतर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर वर पसरलेला दिसेल. आलेख कच्चा असला तरी चालेल. "हे माझ्या नदीचं पाणीही असू शकतं, पण यातलं किती तिचं ते मला सांगता येत नाही, ते कसं ओळखायचं?" असं त्यांनाच विचार. मुलाखत घेणारा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसेल.

आणि वडिलांची फवारणीची वही घेऊन बस. कोणत्या तारखेला काय मारलं, किती प्रमाणात, काढणीला किती दिवस बाकी; निर्यातीच्या मालात औषधांचे अवशेष किती हे तपासताना ती वही लागते. जहाजावरची नोंदवही तशीच असते, आणि तू ती दहा वर्षांची असल्यापासून भरत असशील. मुलाखतीत विचारतील की प्रयोगशाळेत नोंदी कशा ठेवतेस, तेव्हा कॉलेजच्या जर्नलचं सांगू नकोस, त्या वहीचं सांग.

माझ्याकडे घरी, देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर, थर्माकोलचा एक कप आहे. मोहिमेवर कपांवर चित्रं काढून ते सीटीडीबरोबर खाली सोडतात. पाण्याच्या दाबाने आकसून अंगठ्याएवढे होऊन वर येतात. माझ्या कपावर मी 'गोदावरी' लिहिलं होतं. अक्षरं बारीक झालीत, पण वाचता येतात. बघायला ये, मुलाखतीच्या निमित्ताने. मुलाखतीची वेळ तिकडच्या घड्याळाची असेल तर जर्मनीतले सकाळचे दहा म्हणजे आत्ता जानेवारीत आपले दुपारचे अडीच. तुमच्याकडे त्या वेळी लाइट असते की नाही ते बघ. नसेल तर आदल्या दिवशीच नाशिकला ये, इथे टेबल मोकळं आहे आणि इन्व्हर्टर आहे.